बॉक्स्टीतून कच्चा बटाटा काढू नका

आयर्लंडची बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याची धिरडी, घरी करण्याच्या काही सोप्या पाककृतींत उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मैदा आणि अंडे घालायला सांगतात. पदार्थ चवदार होतो, पण ती बॉक्स्टी नव्हे. बॉक्स्टीत बटाटा दोन रूपांत लागतो: निम्मा उकडून कुस्करलेला, निम्मा कच्चा किसून फडक्यात घट्ट पिळलेला. पिळून निघालेले पाणी थोडा वेळ ठेवले की कुरडयांच्या चिकासारखे पांढरे सत्त्व तळाशी बसते. वरचे पाणी ओतून ते सत्त्व पुन्हा किसात मिसळायचे. माझ्या मते सारी बॉक्स्टी याच कृतीत आहे. कच्च्या बटाट्यातला स्टार्च तव्यावर साठ-सत्तर अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगतो आणि धिरडे बांधून ठेवतो. उकडलेल्या बटाट्यातला स्टार्च आधीच फुगलेला असल्याने त्यातून मऊपणा येतो. एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. म्हणून कच्चा बटाटा वगळला की मैदा वाढवावा लागतो, अंडे फोडावे लागते आणि बटाट्याची चव मागे पडते.

ही रीत लिट्रिम, कॅव्हन, फर्मानाघ, स्लायगो या भागांतली. तिथल्या गरिबांचे पोट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्यतः बटाट्यावरच भरत असे. किसणी विकत घ्यायचीही गरज नव्हती. पत्र्याला खिळ्याने भोके पाडली की काम होई. बॉक्स्टीला सरसकट ‘दुष्काळातले अन्न’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. १८४५ पासून करप्याने जे कुजले ते बटाट्याचेच पीक होते; सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. बॉक्स्टीला तर भरपूर बटाटा लागतो, आणि ती हॅलोविनला, म्हणजे नवे पीक घरात आल्यावर, हौसेने केली जाई. ती नुसत्या टंचाईची खूण मानणे हा ती करणाऱ्या बायकांच्या कौशल्यावर अन्याय आहे.

कुणी म्हणेल, परंपरा घरागणिक बदलते, मग एकाच कृतीचा आग्रह का? बदलते हे खरेच. तव्यावरची, पावासारखी भाजलेली आणि गोळे उकडून, काप करून लोण्यात परतलेली अशी बॉक्स्टी वेगवेगळ्या तऱ्हांनी होते. पण या सगळ्यांत कच्चा किसलेला बटाटा असतोच. नुसत्या उकडलेल्या बटाट्याची आणि पिठाची भाकरी अल्स्टरमध्ये वेगळी आहे, तिला फॅज म्हणतात; ती करावी, पण त्याच नावाने. दुसरा आक्षेप वेळेचा. किसणे आणि पिळणे हे फार तर पंधरा मिनिटांचे काम आहे. कीस काळा पडतो म्हणून कंटाळणाऱ्यांनी तो लगेच ताकात घालावा. आंबटपणामुळे काळे पडणे मंदावते आणि तेच ताक सोड्याशी मिळून धिरडे हलके करते. आपल्याकडचे पातळ ताक मात्र चालणार नाही, दाट आणि आंबट हवे. बटाटा जुना, पिठूळ घ्यावा. दोन्ही तऱ्हांचा पाव-पाव किलो बटाटा असेल तर मैदा सव्वाशे ग्रॅमने सुरुवात करावी, मीठ घालावे आणि मंद आचेवर लोण्यात दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत भाजावे. आच मोठी ठेवली तर आतला कच्चा कीस शिजत नाही.