टीव्हीच्या मागे संगणक लावा आणि तो उघडायला शिका

वेल्हे तालुक्यातील पाली हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. (या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) गडावर चढून गेले की सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात दिसू लागले. म्हणजे पन्नास वर्षे या खोऱ्याच्या डोक्यावरून चित्रे वाहत आहेत. आज भोर-वेल्ह्यातल्या आमच्या वस्त्यांत पत्र्याच्या छपरावर डिशची छत्री असते, आत भिंतीवर सपाट टीव्ही असतो. त्याच घरात संगणक शोधा. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही.

हे केवळ एका खोऱ्याचे चित्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ग्रामीण भागातल्या ३३.४ टक्के घरांत टीव्ही होता आणि ५.२ टक्के घरांत संगणक. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत. ही सर्व समाजांची मिळून सरासरी आहे. त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीचा वाटा किती असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न असा की जो समाज पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने का होईना टीव्ही आणतो, तो संगणक का आणत नाही? पैसा हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. कार्यालयांतून वापरून काढलेला, जाडजूड पुस्तकाएवढा छोटा संगणक साधारणपणे मोठ्या टीव्हीपेक्षा कमी पैशांत मिळतो आणि त्याला पडदा म्हणून घरचाच टीव्ही चालतो. उरलेले अर्धे उत्तर आमच्या मनात आहे. टीव्ही बघायचा असतो, तो आपला. संगणक चालवायचा असतो, तो साहेबाचा. ही वाटणी कोणी केली?

थोडा इतिहास पाहू. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचे ते यंत्र. स्मृती अवघी ४८ किलोबाइट, आकार एका कीबोर्डाएवढा. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. आता आठवा, त्याच काळात आपल्या वस्त्यांत टेपरेकॉर्डर होता की नाही? होता. त्यावर वामनदादांची गाणी वाजत होती, प्रल्हाद शिंदे वाजत होते, विठ्ठल उमप वाजत होते. कॅसेटच्या जोरावर भीमगीत खेडोपाडी पोहोचले. टेपरेकॉर्डर आमच्याकडे होता, उसना का होईना टीव्ही होता, पण त्या दोहोंच्या मध्ये बसणारा तिसरा डबा आमच्याकडे आला नाही. त्याचे पुस्तक इंग्रजीत होते आणि ते समजावणारा काका-मामा आमच्या घरात नव्हता. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिल होती त्यांची मुले त्या डब्याशी खेळत मोठी झाली आणि पुढे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत आघाडीवर राहिली. मग ‘गुणवत्ता’ म्हणून तीच मंडळी आमच्या आरक्षणावर बोट ठेवू लागली.

पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम महासंगणक उभा केला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत नेला. आमच्या हजारो मुलामुलींनी फी भरून ते प्रमाणपत्र घेतले आणि फाइलमध्ये ठेवले. पोहणे शिकण्याचा दाखला मिळाला, विहीर मात्र दुसऱ्याच्या मालकीची राहिली. घरी यंत्र नसेल तर शिकलेले वर्षभरात विसरते. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा एका मोबाईलभोवती तीन भावंडे बसली होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका काय होती? १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराची चिरफाड केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे तर त्याला फुरसत हवी, आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते. म्हणजे करमणुकीलाही बाबासाहेबांच्या विचारात जागा आहे. कष्टकऱ्याने संध्याकाळी गाणे ऐकावे, चित्रपट पाहावा, पुस्तक वाचावे, हा त्याचा हक्कच आहे. पण फुरसतीत काय पाहायचे हे दुसऱ्याने ठरवायचे का?

‘स्मार्ट’ टीव्ही लावला की पहिल्याच पडद्यावर कंपनीला जे दाखवायचे ते दिसते. काही वर्षांनी त्यातले सॉफ्टवेअर जुने होते, ॲप चालेनासे होतात आणि पडदा धडधाकट असूनही दुकानदार नवा टीव्ही घ्यायला सांगतो. छोटा संगणक मागे लावला तर तोच टीव्ही आणखी अनेक वर्षे चालतो आणि त्यावर काय दिसायचे ते घरातली माणसे ठरवतात. त्यावर भीमगीते वाजतील, जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट दिसेल, आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही मोठ्या अक्षरात वाचता येतील. या खंडांच्या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. छापील प्रतीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही उघडतात. विकिपीडियाही किविक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमने नेटशिवाय वाचता येतो. डोंगरात रेंज नाही, ही सबब मग लंगडी पडते.

कोणी म्हणेल, मोबाईल आहे की! मोबाईल पाहण्यासाठी ठीक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, नोकरीचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, पोलीस ठाण्यात द्यायची फिर्याद हे अंगठ्याने लिहिण्याचे काम नाही. त्याला कीबोर्ड लागतो आणि समोर पूर्ण पान दिसावे लागते. कोणी म्हणेल, जमिनीचे आणि अत्याचाराचे प्रश्न पडले असताना संगणक कशाला? अहो, जमिनीचा प्रश्नच आता पडद्यावर गेला आहे! सातबारा ऑनलाइन, फेरफार ऑनलाइन. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर लागते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. महार वतनाची जमीन १९५८ च्या कायद्याखाली परत मिळालेली असेल तर ती परवानगीशिवाय विकता येत नाही, तरीही तिचे व्यवहार होतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. राजगड-तोरण्याच्या परिसरात आज फार्महाऊससाठी जमिनी शोधत गाड्या फिरतात. वतनदार वारस मुंबईला चाळीत आणि नोटीस पडद्यावर, अशी स्थिती असताना घरात पडदा वाचणारा नसणे परवडणारे नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. हक्क मान्य झाला, पण तो बजावायचे साधन आपले आपणच आणावे लागेल.

आता व्यवहाराचे बोलू. मार्ग तीन आहेत. पहिला, कार्यालयांतून निघालेला छोटा संगणक. लेनोवो, डेल, एचपी या कंपन्यांचे असे डबे हातभर जागेतही मावतात आणि टीव्हीच्या मागच्या चार भोकांवर पट्टी लावून बसवता येतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना डबा स्वस्त मिळतो आणि त्यावर लिनक्स मोफत चालते. लिबरऑफिससुद्धा मोफत आहे, त्यात मराठी उत्तम लिहिता येते. दुसरा मार्ग रास्पबेरी पाय. २०१२ साली आलेली ही एटीएम कार्डाएवढी पट्टी मुलांना शिकण्यासाठीच बनवलेली आहे. तिचे कीबोर्डातच बसवलेले रूपही मिळते. तिसरा मार्ग रिकामा डबा घेऊन त्यात मेमरी आणि एसएसडी स्वतः बसवण्याचा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले, तेव्हा मेमरीसकट मिळणारा वापरलेला डबा घेणे शहाणपणाचे.

जोडणी अवघड नाही. वीज बंद करा, एखाद्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, स्क्रू काढा. मेमरीच्या पट्टीला खाच असते, ती उलटी बसत नाही. जोर लावावा लागला तर समजा काहीतरी चुकते आहे. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ चालत नाही. अडॅप्टर मूळचाच घ्या. यातले बरेच डबे १९-२० व्होल्टवर चालतात, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर त्यांना लावू नका. टीव्हीला एचडीएमआयची वायर लावली की चित्र आणि आवाज दोन्ही येतात. जुन्या डबा-टीव्हीला कन्व्हर्टर लावून गाणी दिसतील, अक्षरे मात्र फिसकटतात, म्हणून वाचनासाठी सपाट पडदाच हवा. वेल्ह्याच्या पावसात भिंती ओल धरतात, तेव्हा डबा भिंतीला चिकटवू नका. विजा कडाडू लागल्या की वीज आणि डिश दोन्हींच्या वायरी काढा. हा डबा जुन्या मोठ्या संगणकापेक्षा कितीतरी कमी वीज खातो, त्यामुळे छोट्या इन्व्हर्टरवरही चालतो.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीत करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर ऑनलाइन करा, पण पक्के बिल घ्या. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. ‘बिल घेतले तर महाग पडेल’ असे जो म्हणतो तो तुमचा पुढचा हक्क आजच काढून घेतो. दुकानातच यंत्र चालू करून पाहा, जुन्या मालकाचा पासवर्ड राहिला नाही ना ते बघा. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान मुंबईत असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणि ज्या घराला एकट्याने परवडत नाही त्याचे काय? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च केली पाहिजे. हा पैसा कुठे जातो हे विचारणारे गावात किती आहेत? भांडी आणि सतरंज्या खूप झाल्या. येत्या ग्रामसभेत लेखी मागणी करा की समाजमंदिरासाठी दोन छोटे संगणक, एक पडदा आणि एक प्रिंटर घ्यावा. ठरावाची नक्कल मागून घ्या. नाकारले तर कारण लेखी मागा.

यंत्र विहारात आले की त्याला हार घालून, कपड्याने झाकून ठेवू नका. महिन्यातून एकदा मुलांसमोर त्याचे झाकण उघडा. मेमरी कुठे, एसएसडी कुठे, पंखा कसा साफ करायचा, हे मुलींनी आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी करावे. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आजही यंत्र बनवणारे एक, वापरणारे दुसरे आणि मोडल्यावर त्याचा कचरा उघड्या हातांनी फोडणारे तिसरे. त्या तिसऱ्या रांगेत कोण उभे असते ते आपण जाणतो. पेचकस हातात घेतलेली आमची मुलगी ही रांग मोडू शकते.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेबांनी विनवण्या केल्या नाहीत, पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. तोच पुढे बुद्धभूषण म्हणून ओळखला गेला. दादरच्या आंबेडकर भवनासह तो २५ जून २०१६ रोजी पाडला गेला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. त्या छापखान्याचे खरे स्मारक म्हणजे आमच्या प्रत्येक वस्तीत, पालीच्या पायथ्यापासून मुंबईच्या चाळीपर्यंत, लिहिण्याचे एक यंत्र आणि ते दुरुस्त करता येणारे दोन हात. पुढच्या १४ एप्रिलच्या वर्गणीत डीजेचा खर्च थोडा कमी करा आणि त्यातून हा डबा आणा. जयंतीचे गाणे त्याच्यावरही वाजेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यावर सातबारा उघडेल.

जय भीम!