लग्नाची सीडी वेळीच उतरवून ठेवा



आज पिकाचा विषय बाजूला ठेवून घरातल्या एका ठेव्याविषयी लिहितो. ठाणे जिल्ह्यात, विशेषतः कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत, २००० सालानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत झालेल्या लग्नांपैकी बहुतेकांचे शूटिंग झालेले आहे. त्याच्या सीडी-डीव्हीडी आज कपाटात, ट्रंकेत नाहीतर माळ्यावर पडून आहेत. कधी तरी लेक माहेरी येते, नातवंडे हट्ट धरतात, सीडी काढली जाते आणि मग चित्र अडकते, चौकोन चौकोन दिसतात, आवाज फाटतो किंवा मशीन सरळ 'डिस्क नाही' असे सांगते. "जुनी झाली, जाऊ दे," म्हणून ती पुन्हा ट्रंकेत जाते.

तसे जाऊ देऊ नका. त्या सीडीत नुसते नवरा-नवरी नाहीत. ज्या शेतात कापणीनंतर मांडव पडला होता, त्या शेतावर आज इमारत उभी असेल. जी आजी हळदीला पुढे बसली होती ती आज नसेल. आपल्या आगरी घरांतून तर धवलारीण धवले गाऊन लग्न लावते. ही गाणी तोंडपाठ असणाऱ्या बाया आता गावोगाव थोड्या उरल्या आहेत. अनेक ठिकाणी त्यांचा आवाज लग्नाच्या सीडीशिवाय दुसरीकडे कुठेच धरून ठेवलेला नाही. म्हणून हा विषय करमणुकीचा समजू नये.

प्रथम सीडी का बिघडते ते पाहू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये गाण्यांची सीडी बाजारात आणली. १९९३ मध्ये चित्राची व्हीसीडी आली आणि १९९६ मध्ये जपानात डीव्हीडीची विक्री सुरू झाली. दुकानात मिळणारी सिनेमाची सीडी कारखान्यात साच्यातून छापून निघते. तिच्यावरच्या बारीक खड्ड्यांत सगळी माहिती असते. आपल्या लग्नाची सीडी तशी नसते. कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि स्टुडिओतले मशीन लेझरच्या किरणाने त्या थरावर खुणा उमटवते. रंग म्हटला की तो उन्हाने विटणारच. खिडकीत ठेवलेली, पत्र्याच्या घरात माळ्यावर तापलेली किंवा आपल्या कोकणच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटलेली सीडी लवकर खराब होते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण चकाकणारी खालची बाजू जपतो आणि वरच्या बाजूला खुशाल बॉलपेनने नाव लिहितो. सीडीत माहितीचा थर वरच्या, म्हणजे नावाच्या बाजूला अगदी लागून असतो. त्या बाजूला पडलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. तरीही टोकदार पेन कशावरच चालवू नये.

सीडी-डीव्हीडीची माहिती मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. हात लागतो तो कडेला, आणि खराबीही बहुधा कडेकडून सुरू होते. म्हणून असे होते की भरलेल्या डीव्हीडीत हळद छान दिसते आणि ऐन पाठवणीला चित्र थांबते. सुरुवात चालली म्हणजे सीडी चांगली, असे समजू नका. शेवट लावून पाहा.

दुसरा दोष बनवतानाचा. शूटिंगवाल्याने काढलेले चित्र डीव्हीडीत घालायचे तर त्याचे ठराविक पद्धतीने रूपांतर करावे लागते. 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरात ठराविक नावाच्या फायली कराव्या लागतात, सुरुवातीची पाटी करावी लागते, आणि शेवटी डिस्क 'बंद' करावी लागते. यातले एक जरी राहिले तरी ती डिस्क स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर चालते आणि आपल्या टीव्हीखालच्या मशीनवर चालत नाही. आधीच्या काळच्या मशीनमध्ये माहितीचा पुरवठा क्षणभर तुटला तरी कोरी तबकडी फुकट जाई. पाटाचे पाणी मध्येच तुटले की शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसलाच तो प्रकार. पुढच्या मशीनमध्ये त्यावर उपाय निघाला, पण घाईने, मोठ्या वेगाने आणि हलक्या तबकड्यांवर केलेल्या कामात चुका राहतच गेल्या.

ही सॉफ्टवेअरे माणसाची किती परीक्षा पाहतात, याचा अनुभव मीही घेतला आहे. चारसूत्री भातशेतीची माहिती गावोगाव दाखवण्यासाठी एक डीव्हीडी करायची होती. चारसूत्री म्हणजे डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली पद्धत: भाताच्या तुसाची राख आणि पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, २५ आणि १५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवून नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी. कॉम्प्युटरवर तासभर पट्टी पुढे सरकत राहिली, नव्वदच्या पुढे जाऊन थांबली, प्रोग्राम बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला 'काम पूर्ण झाले' अशी पाटी आली. डीव्हीडी तिथल्या कॉम्प्युटरवर चालली आणि गावातल्या सभेत मशीनने ती ओळखलीच नाही. शेवटी खुणा केलेली लावणीची दोरी मागवली आणि देवळापुढच्या अंगणात लावणी करून दाखवली. शेतकऱ्यांना विषय कळला, पण तेव्हापासून 'काम पूर्ण झाले' या पाटीवर मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या मशीनवर, शेवटपर्यंत चाललेली डिस्क तेवढी खरी.

तिसरी अडचण अलीकडची. सीडी चांगली आहे, पण लावायची कशावर? नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ आणले, तेव्हा डीव्हीडी लावण्याची आणि बनवण्याची, विस्टा आणि विंडोज ७ मध्ये असलेली सोय मूळ संचातून काढून टाकली. त्यामुळे मुलगा म्हणतो "सीडी खराब आहे," आणि खराब काहीच नसते. 'व्हीएलसी' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घातले की पुष्कळ सीडी-डीव्हीडी पुन्हा चालू लागतात. तेव्हा टाकून देण्याआधी हा उपाय करून पाहा.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो.

१. सीडी कडेला धरून काढा. धूळ असेल तर मऊ, सुती, स्वच्छ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचनाच्या रेषेतच पडतो आणि जास्त नुकसान करतो.

२. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. फवारणीचा पंप जसा गटात फिरतो, तसा बचत गटाने एक घेतला तर सगळ्या गावाचे काम होईल.

३. अडकणारी सीडी पुन्हा पुन्हा लावून पाहत बसू नका. आधी तिची नक्कल कॉम्प्युटरमध्ये उतरवा. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' हा सगळा फोल्डर घ्या. व्हीसीडी असेल तर 'एमपेगएव्ही' फोल्डरातल्या 'डॅट' फायली घ्या.

४. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर लावा. एक मशीन नाकारते ती डिस्क दुसरे वाचते, असे वारंवार घडते. तरीही अडली तर न वाचणारा भाग सोडून पुढचा उतरवून घेणारी सॉफ्टवेअरे आहेत. जाणत्या माणसाकडून ते काम करून घ्या. चार मिनिटे गेली तरी तासभराचे चित्र हाती राहते.

५. मोबाइलवर पाहण्यासाठी त्यातून 'एमपी फोर' फाइल करता येते. 'हँडब्रेक' हे फुकट सॉफ्टवेअर ते काम करते. पण मूळ उतरवलेला फोल्डर पुसू नका. एमपी फोर करताना चित्राची प्रत थोडी उतरते.

६. नक्कल एकाच ठिकाणी ठेवू नका. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सहा डीव्हीडी सहज बसतात. पण पेनड्राइव्हही कायमचा नाही. एक नक्कल घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी असू द्या. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

७. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आपण उगवण तपासतो. तशी वर्षातून एकदा ही नक्कल लावून पाहा: सुरुवात, मध्य आणि शेवट.

यापुढे ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी शूटिंगवाल्याशी आधीच बोलून घ्यावे. नुसत्या डीव्हीडीवर समाधान न मानता मूळ फायली पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर मागाव्यात. स्टुडिओवाले मूळ चित्र फार दिवस सांभाळत नाहीत, आणि त्यांचीही जागेची अडचण असते. राहिलेले पैसे देण्यापूर्वी आपल्या घरच्या मशीनवर शेवटपर्यंत लावून पाहावे. यात अविश्वास नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतोच ना?

आणि एक काम कॉम्प्युटरशिवाय होणारे आहे. ते घरातल्या भगिनींनी करावे. सीडी उतरवून झाली की वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती एकदा पाहा आणि वहीत लिहून ठेवा: लग्न कोणाचे, गाव कोणते, साल कोणते, मांडव कोणाच्या शेतात होता, धवले कोण गात आहे, तिच्या मागे झील धरणाऱ्या बाया कोण. चेहरे ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच हे लिहून होईल. वीस वर्षांनी चित्र स्वच्छ दिसेल, पण ती बाई कोण हे सांगणारे कोणी नसेल. वहीचे एक पान आणि त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, दोन्ही त्या फायलींबरोबर ठेवा.

लावणीच्या धांदलीत हे सुचणार नाही. म्हणून हाताला थोडी उसंत असेल तो एक रविवार यासाठी राखून ठेवा. कोणाला अडचण आल्यास सीडी आहे की डीव्हीडी, कोणत्या मशीनवर लावली आणि कुठे अडकते, एवढे लिहून पत्र पाठवावे. जमेल तसे उत्तर या सदरातून देईन.