खुनी कुंपणाच्या आतला

गेल्या पावसाळ्यात आम्ही चारसहा मित्र एका घरी जमून एक जुना इंग्रजी चित्रपट पाहत होतो. निवड माझी होती. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि आमच्यातले वयाने सर्वांत मोठे असलेले गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "चित्रपट उत्तम. पण लेखकाने शेवटी आपल्याच माणसाला खुनी ठरवायला नको होते. समोर गोरे टपून बसलेले असताना त्यांच्या हाती हे कोलीत कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. या गृहस्थांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? चहा पिऊन घरी आलो. परंतु ते वाक्य मला झोपू देईना. त्या रात्री जे बोललो नाही ते आज लिहितो. वडीलधाऱ्यांनी राग मानला तर मानावा.

चित्रपटाचे नाव 'अ सोल्जर्स स्टोरी'. साल १९८४, दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. मूळ नाटक चार्ल्स फुलर यांचे. न्यूयॉर्कच्या निग्रो एन्सेम्बल कंपनीने ते १९८१ साली रंगभूमीवर आणले आणि १९८२ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. फुलर स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. म्हणजे ज्याचे जळते त्यानेच हे लिहिले आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

कथा घडते १९४४ साली, अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातल्या एका लष्करी तळावर. त्या काळी अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या. अध्यक्ष ट्रुमन यांनी हा भेद मोडण्याचा आदेश काढला तो थेट १९४८ साली. या तळावरची काळी तुकडी लढाईवर जाण्यासाठी तळमळते आहे; पण तिला मिळतात हलकी कामे आणि बेसबॉलचे सामने. एका रात्री तुकडीचा काळा सार्जंट वॉटर्स दारूच्या नशेत झोकांड्या खात परतत असताना गोळ्या घालून मारला जातो. तपासाला वॉशिंग्टनहून येतो कॅप्टन डॅव्हनपोर्ट. तोही काळाच. काळा माणूस अधिकारी होऊन आलेला त्या तळावर कोणी पाहिलेला नाही.

खून कोणी केला? तळावर कोणालाच शंका नाही. गावात कू क्लक्स क्लॅनची माणसे आहेत; काळ्या माणसाला झाडाला टांगणे हा त्यांचा इतिहास. शिवाय त्याच रात्री दोन गोऱ्या अधिकाऱ्यांनी वॉटर्सला रस्त्यात गाठून खरोखरच बदडलेले असते. आणखी पुरावा कशाला हवा? पण डॅव्हनपोर्टला एक गोष्ट खटकते. क्लॅनवाले काळ्या सैनिकाला मारतात तेव्हा आधी त्याचे पट्टे ओरबाडतात. काळ्या अंगावरची वर्दी हेच तर त्यांचे दुखणे. वॉटर्सच्या अंगावरचे पट्टे मात्र शाबूत आहेत. एवढ्याशा दुव्यावरून तपास कुंपणाच्या बाहेरून हळूहळू कुंपणाच्या आत येतो आणि तुकडीतल्याच एका जवानापाशी, पीटरसनपाशी, येऊन थांबतो. त्या वेळी फारसा नाव नसलेल्या डेन्झेल वॉशिंग्टनने हा पीटरसन केला आहे.

रहस्य सांगून टाकले म्हणून कोणी ओरडू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे रहस्य राखत बसण्यापेक्षा ते आपल्याला काय सांगते हे पाहणे अधिक महत्त्वाचे. आणि खरे रहस्य खुनी कोण हे नाहीच मुळी. खरे रहस्य आहे मारला गेलेला माणूस.

हा वॉटर्स कोण होता? अॅडॉल्फ सीझर या नटाने तो असा काही उभा केला आहे की अंगावर काटा येतो. कडक, शिस्तीचा, कामाला वाघ. त्याचा एकच ध्यास: गोऱ्यांनी आपल्याकडे बोट दाखवता कामा नये. म्हणून त्याला तुकडीतला सी. जे. मेम्फिस हा जवान डोळ्यांसमोर नको असतो. सी. जे. खेड्यातला, गिटारवर गाणारा, गावरान बोलणारा, हसतमुख, बेसबॉलमध्ये तुकडीचा हुकमी एक्का. वॉटर्सच्या मते असल्या माणसांमुळेच गोरे आपल्याला हसतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अशाच एका काळ्या जवानाला गोऱ्यांनी माकड म्हणून नाचवले, आणि आपण काय केले, हे वॉटर्स एकदा अभिमानाने सांगतो: आपल्याच लोकांनी त्याचा गळा चिरला! सी. जे.च्या पलंगाखाली तो पिस्तूल ठेववतो, खोटा आळ घालतो, डिवचून डिवचून त्याला हात उचलायला लावतो आणि कोठडीत टाकतो. मोकळ्या रानातला तो पोरगा कोठडीत गळफास लावून घेतो.

आता, वाचकहो, मी कुंपणाच्या या बाजूला येतो.

आपण सीमाभागातली माणसे गेली कितीतरी वर्षे एक खुनाचे रहस्य सोडवत बसलो आहोत. 'आमच्या मराठीचा गळा कोणी घोटला?' उत्तर आपल्याला पाठ आहे: १९५६ साली केंद्राने, त्यानंतर राज्य सरकारने, फलक बदलणाऱ्यांनी, कागदपत्रे एकाच भाषेत देणाऱ्यांनी. यात खोटे काहीच नाही. त्या दोन अधिकाऱ्यांनी वॉटर्सला मारहाण केली होती, हे जसे खरे, तसेच हेही खरे. जुलूम झाला, गोळीबार झाला, माणसे गेली, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा आपण उराशी धरून आहोत. मी सरकारला निर्दोष सोडा असे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की मारहाण करणारा आणि शेवटची गोळी घालणारा हे दोघे दर वेळी एकच असतात असे नाही. पट्टे शाबूत आहेत का, हे एकदा वाकून पाहायला काय हरकत आहे?

मी वाकून पाहिले, म्हणून सांगतो. मी मराठी शाळेत शिक्षक होतो. १९९३ सालची गोष्ट. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालली होती. खानापूरकडच्या रानातल्या एका खेड्यातून येणारा आठवीतला एक मुलगा, आवाज खणखणीत, डोळ्यांत चमक. बोलता बोलता त्याच्या तोंडून 'येऊलालो' असे गेले. त्याच्या घरीदारी सगळे तसेच बोलतात. माझी आईही तसेच बोलत असे. मी भर वर्गात हसलो. गुरुजी हसले म्हटल्यावर साठ पोरे हसली. त्याला उभे करून मी दहा वेळा 'येत आहे' म्हणायला लावले आणि वर म्हणालो, "परीक्षक पुण्याचे आहेत. ही असली कानडी मराठी ऐकून आपल्याला काय म्हणतील?" तो मुलगा स्पर्धेत बोलला, अगदी शुद्ध बोलला, आणि लाकडासारखा बोलला. पुन्हा कधी व्यासपीठावर चढला नाही.

पंचवीस वर्षांनी तो मला बाजारात भेटला. पाया पडला. मुलगी कुठल्या शाळेत आहे म्हणून विचारले, तर इंग्रजी माध्यमात. माझी शाळा तोवर पटाअभावी धापा टाकत होती. मी नेहमीचा उपदेश सुरू केला: मातृभाषा, अस्मिता, हुतात्मे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, ती मराठी तुमची हाय. आमची न्हवं म्हणून तुम्हीच सांगितलासा की."

त्या दिवशी मला कळले की माझ्या शाळेचा एक विद्यार्थी, आणि त्याच्या मागे त्याची मुलगी, कोणत्याही सरकारी फतव्याने गेलेले नाहीत. ते मी घालवले. आणि का? तर पुण्याहून येणाऱ्या, मला कधी पुन्हा न भेटणाऱ्या तीन माणसांनी आपल्याला अडाणी समजू नये म्हणून! ज्या घरांत थोरल्या भावाला 'अण्णा' आणि थोरल्या बहिणीला 'अक्का' म्हणतात, त्या घरांनी शब्दांत कानडी सापडली म्हणून लाजावे, यासारखा विनोद नाही. हे दोन्ही शब्द कानडीकडूनच आलेले आहेत, आणि पुण्यातही ते सुखाने नांदतात. मग आमचे 'येऊलालो' तेवढे कुठे आडवे आले? आपल्या दिवाळी अंकांकडेच पाहा. तालुक्यातल्या माणसाने त्याच्या बोलीत कथा पाठवली, तर आपण संवादांना 'संस्कार' करतो. म्हणजे सी. जे.ची गिटार काढून घेतो. आपण सगळे थोडे थोडे वॉटर्स आहोत.

इथे काही तरुण मित्र टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावे, कारण कथा इथे संपत नाही. पीटरसनचे काय? तो शहाणा, स्वाभिमानी, वॉटर्सच्या तोंडावर उलट बोलणारा. त्याचा राग न्याय्य होता, आणि तरीही तो खुनी ठरला. वॉटर्स शेवटी कोसळलेला असतो. आपण आयुष्यभर गोऱ्यांच्या नियमांनी चाललो आणि गोऱ्यांचा द्वेष तसूभरही कमी झाला नाही, हे त्याला कळून चुकलेले असते. त्या क्षणी, तो माणूस बदलण्याच्या उंबरठ्यावर असताना, पीटरसन गोळी झाडतो. डॅव्हनपोर्ट त्याला जे विचारतो त्याचा आशय असा की खरा काळा कोण आणि कोण नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुला कोणी दिला? हाच प्रश्न वॉटर्सलाही विचारता आला असता. पीटरसनने वॉटर्सला मारले आणि त्याच क्षणी तो वॉटर्स झाला.

आपल्याकडे हे पीटरसन गल्लोगल्ली आहेत. कोणी मुलाला कन्नड शाळेत घातले की 'फुटला', दुकानावर मोठा कन्नड फलक लावला की 'विकला गेला', सून कानडी घरातून आणली की 'बाटला'. निष्ठेची प्रमाणपत्रे वाटणाऱ्या या मंडळींनी मराठीचा एक तरी वाचक वाढवला असेल तर दाखवावा. कानडी सून मराठी मासिक वाचायला शिकली असती; पहिल्याच संक्रांतीला तिला टोमणे ऐकवून आपण ते दार लावून घेतले.

लष्करी तळावरच्या खुनाचे चित्रपट पुष्कळ आहेत. 'अ फ्यू गुड मेन' १९९२ चा. आपल्याकडचा 'शौर्य' २००८ चा. दोन्हींत शेवटी एक बडा अधिकारी न्यायासनासमोर गरजतो, आपल्या तोंडाने गुन्हा ओकतो आणि प्रेक्षक हलक्या छातीने घरी जातो. पाप एका माणसाच्या नावावर चढले, आपण मोकळे. म्हणूनच ते गर्दी खेचतात. फुलर यांच्या कथेत ही सोय नाही. तिथे गोरी व्यवस्था दोषी आहे, वॉटर्स दोषी आहे, पीटरसन दोषी आहे, आणि सी. जे.च्या पलंगाखाली मुकाट्याने पिस्तूल नेऊन ठेवणारा विल्कीही दोषी आहे. त्यांच्याही लोकांना हे रुचले नाही. अमिरी बराकांसारख्या जहाल कृष्णवर्णीय लेखकाने या नाटकावर कडाडून टीका केली. आमच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप नवा नाही. पण घरातले दुखणे झाकून ठेवल्याने शत्रू हसायचा थांबतो, असे मला तरी कुठे आढळले नाही. दुखणे मात्र बळावते.

चित्रपटावर माझा आक्षेप एकच, आणि तो अगदी उलट आहे. त्याचा शेवट गोड केला आहे. तुकडीला लढाईवर जाण्याचा हुकूम येतो, जवान आनंदाने संचलन करत निघतात. मूळ नाटकात फुलर असे सोडत नाहीत. तिथे डॅव्हनपोर्ट सांगतो की ती अख्खी तुकडी पुढे जर्मनीत रूरच्या खोऱ्यात मारली गेली. एकही उरला नाही. आणि कागदपत्रांच्या घोळात वॉटर्सची नोंद युद्धात पडलेला वीर म्हणून झाली!

त्या जर्मन तोफांनी विचारले नाही की तुमच्यात शुद्ध बोलणारा कोण आणि गावंढळ कोण, निष्ठावान कोण आणि फितूर कोण. मराठी शाळेला कुलूप लागते तेव्हा तेही विचारत नाही. आमच्या शाळेला लागले तेव्हा 'येत आहे' म्हणणाऱ्यांची आणि 'येऊलालो' म्हणणाऱ्यांची हजेरी एकाच कपाटात बंद झाली.

त्या वडीलधाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की आपण लाठ्या खाल्ल्या त्या याच भाषेसाठी. पण त्या मोर्चात आपल्या मागे चालणारे बहुतेक जण कसे बोलत होते, आठवते का? ते 'येऊलालो' म्हणत आले होते. त्यांना आपण तेव्हा दुरुस्त केले नव्हते.