शनिवारची सकाळ आणि चाळीसगावचा बंगला

घरात वयोवृद्ध माणूस असला की त्याच्याशी बोलण्याचे विषय हळूहळू आटत जातात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले असेल. ‘गोळी घेतली का?’, ‘पोट साफ झाले का?’, ‘साखर किती आली?’ या तीन प्रश्नांभोवतीच दिवस फिरू लागतो. प्रश्न काळजीपोटीच विचारलेले असतात. पण ज्याला ते रोज ऐकावे लागतात, त्याला आपण म्हणजे भिंतीवर टांगलेला आजाराचा तक्ता आहोत असे वाटू लागले, तर त्याचा दोष तरी कसा द्यावा?

माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, रेल्वेच्या भुसावळ विभागातून गार्ड म्हणून निवृत्त झाले. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि नानांनी उंबरठा ओलांडणे जवळजवळ सोडून दिले. रक्तदाब आटोक्यात, साखर आटोक्यात, गुडघे वयाच्या मानाने बरे; तरी माणूस दिवसेंदिवस खुर्चीत रुतत चाललेला. आमच्या डॉक्टरांनी सगळे तपासून सांगितले, ‘औषधात बदल करण्यासारखे काही नाही. यांना बाहेर न्या.’ न्यायचे कुठे? देवळात ते फारसे कधी रमले नाहीत. बागेतल्या बाकावरची आजारपणाची चर्चा त्यांना नकोशी वाटे. तेव्हा आठवले, की तरुणपणी रेल्वेच्या हौशी नाटकांत त्यांनी कामे केली होती, आणि गाण्याचा कान तर आजही शाबूत आहे.

पहिला प्रयत्न साफ फसला, आणि त्यात चूक माझीच होती. हिवाळ्यातली एक संगीत मैफल निवडली. कार्यक्रम तीन तासांचा, जागा रांगेच्या मधोमध, ध्वनिक्षेपक डोक्यावर, स्वच्छतागृह जिना उतरून खाली. रात्रीचे जेवण लांबले. दीड तासाने नाना चुळबुळू लागले, पण दहा माणसांचे गुडघे ओलांडून बाहेर पडण्याचा त्यांना संकोच वाटला. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, ‘आता मला कुठे नेत जाऊ नकोस.’ त्या रात्री मला कळले, की वृद्धांच्या सहलीत कार्यक्रमाइतकेच महत्त्व बसण्याच्या जागेला असते.

तरीही हा विचार मी सोडला नाही, त्याला कारण एक अभ्यास. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० स्त्री-पुरुषांची सुमारे १४ वर्षे नोंद ठेवून केलेला तो अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालये, चित्रप्रदर्शने, नाटके, मैफली यांना वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, १४ टक्क्यांनी कमी आढळला; दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये तो ३१ टक्क्यांनी कमी होता. येथे सावधपणे वाचले पाहिजे. ज्यांची प्रकृती बरी, हाताशी पैसा आणि सोबत, तीच माणसे अधिक बाहेर पडतात. संशोधकांनी या गोष्टींचा हिशेब धरला, तेव्हा फरक कमी झाला. पण पुसला गेला नाही. चित्र पाहिल्याने आयुष्य वाढते, असे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. मात्र एकटेपणा, हालचालींचा अभाव आणि मनाची मरगळ या वार्धक्याच्या तीन शत्रूंवर अशी एक फेरी एकाच वेळी काम करते, एवढे तरी मानायला हरकत नाही. कॅनडातील माँट्रियल शहरात २०१८ पासून डॉक्टर आपल्या रुग्णांना तेथील कलासंग्रहालयाची मोफत भेट चिठ्ठीवर लिहून देऊ लागले, ते याच विचाराने.

‘पण आपल्या खान्देशात असे आहे तरी काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पुण्यामुंबईकडे पाहण्याच्या सवयीमुळे दाराशी असलेले आपल्याला दिसत नाही. जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. जात्यासमोर उभी राहिलेली कोणतीही आजी तेथे गप्प बसू शकत नाही. पु. ना. गाडगीळ कलादालनात चित्रप्रदर्शने भरतात. ‘काळ्यानिळ्या रेषा’ हे आत्मकथन लिहिणारे चित्रकार राजू बाविस्कर जळगावचेच. चोपड्याला भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र आहे. विद्यार्थ्यांची प्रदर्शने ज्येष्ठांसाठी फार चांगली, कारण चित्र काढणारा मुलगा तेथेच उभा असतो आणि त्याला कोणीतरी प्रश्न विचारावा अशी त्याचीही इच्छा असते.

नाटकाचे म्हणाल, तर हौशी राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते, आणि तिचे तिकीट नाममात्र असते. ‘परिवर्तन’सारखी संस्था सातत्याने प्रयोग करीत असते. जानेवारीत चांदोरकर प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. बालगंधर्वांचे गाण्याचे आरंभीचे शिक्षण जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे झाले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ व त्याचे संग्रहालय आहे. आणि शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जेथे समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातले वाल्मीकि रामायण जतन केलेले आहे.

या सगळ्यांतून मी नानांसाठी निवडले ते चाळीसगाव. कारण उघड होते: तेथे रेल्वेने जायचे होते, आणि ठिकाण स्थानकाजवळच होते.

कलामहर्षी केकी मूस यांचे नाव चाळीसगावकरांना नवे नाही. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते १९३८ च्या सुमारास परतले आणि चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात राहू लागले. त्यानंतर, ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे हा माणूस त्या बंगल्याबाहेर क्वचितच पडला. घरातल्या लहानसहान वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून, निसर्गदृश्ये वाटावीत अशी छायाचित्रे त्यांनी घेतली. चित्रे काढली, शिल्पे घडवली, लाकूड कोरले. आज तो बंगला त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे.

‘नाना, शनिवारी चाळीसगावला जाऊ. मूससाहेबांचा बंगला पाहू,’ मी म्हटले. मैफलीनंतरचा नकार तयारच होता. पण त्यांनी विचारले, ‘कुठल्या गाडीने?’ आणि मी ओळखले, की निम्मे काम झाले.

जळगाव सुटल्यावर नाना खिडकीशी बसले. स्थानक यायच्या आधी ते नाव उच्चारायचे: शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, नगरदेवळा, कजगाव, वाघळी. काल दुपारी काय जेवलो हे न आठवणाऱ्या माणसाच्या तोंडून ही माळ एकही मणी न गळता ओघळत होती. मी मध्येच काही विचारले नाही. फक्त ऐकले.

संग्रहालयात आम्ही सगळे पाहिलेच नाही. आधीच ठरवले होते, की मोजक्याच चित्रांपाशी थांबायचे आणि तेथे बसायचे. एका वृद्धाच्या छायाचित्रासमोर नाना बराच वेळ होते. ‘ओळखा पाहू हे कसे केले असेल,’ असे मी म्हणाले नाही. परीक्षा घेतली की वृद्ध माणूस मिटतो. ‘तुम्हाला काय दिसते?’ एवढेच विचारले. नाना म्हणाले, ‘उजेड डावीकडून आलाय. कंदिलाचा असणार. आम्ही रात्रभर कंदिलाच्या उजेडात माणसांचे चेहरे पाहिलेत.’ मग ब्रेकव्हॅनमधल्या हिवाळी रात्री, कोळशाचे इंजिन, धुळ्याच्या फाट्यावरची ड्यूटी, असे एकेक निघत गेले.

मूस यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. त्यांची प्रेयसी पंजाब मेलने येईन असे म्हणाली होती, आणि ती येईल म्हणून हे रोज रात्री गाडीच्या वेळी दोघांचे जेवण मांडून ठेवीत. ती कधीच आली नाही. कथेत खरे किती, लोकांनी घातलेली भर किती, देव जाणे. पंजाब मेल मात्र खरी. मूस जन्मले त्याच वर्षी, १९१२ मध्ये, ती सुरू झाली आणि आजही धावते. ती कथा ऐकून नाना काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो असताना म्हणाले, ‘मी रात्रीच्या ड्यूटीवरून यायचो तेव्हा तीसुद्धा जेवायची थांबायची. गाडी चार तास उशिरा असली तरी. मी रागवायचो तिच्यावर.’ दोन वर्षांत सासूबाईंविषयी त्यांनी उच्चारलेली ही पहिली वाक्ये होती. मी त्यांना बोलू दिले. पाचोरा येईपर्यंत ते बोलत होते.

केकी मूस यांचा एकांत त्यांनी स्वतः निवडलेला होता आणि तो कामाने भरलेला होता. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा एकांत बहुधा त्यांच्यावर येऊन पडलेला असतो. हा फरक आपण विसरता कामा नये.

आता अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी. निघण्याआधी त्या ठिकाणी फोन करून चार प्रश्न विचारावेत: आज उघडे आहे ना, पायऱ्या किती, बसायला खुर्ची मिळेल का, स्वच्छतागृह कोठे आहे. भेट तास-दीड तासाची ठेवावी आणि शक्यतो सकाळची. सभागृहात रांगेच्या कडेची खुर्ची घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर पुढे बसावे, पण ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी नव्हे. श्रवणयंत्र असल्यास निघण्यापूर्वी तपासावे. अंधारात पायरी चुकते, म्हणून खिशात लहान विजेरी असावी. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. आधी पाऊले वरखाली हलवावीत, मग आधार घेऊन उभे राहावे, क्षणभर थांबावे आणि मगच चालावे. विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी. मधुमेह असल्यास जेवणाची वेळ चुकवू नये. सोबत खाणे असावे आणि साखर एकाएकी उतरल्यास चटकन देता येईल अशी साखर किंवा ग्लुकोजही असावे. लघवीच्या भीतीने पाणी पिणे बंद करू नये आणि गोळी परस्पर टाळू नये; तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम समजावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीस गर्दीच्या उद्घाटनाला नेऊ नये; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शांत वेळी न्यावे. आणि ‘आता घरी चल’ असे म्हटल्यावर, वाद न घालता, लगेच निघावे. अर्धवट राहिलेली भेट पुन्हा करता येते. मनातून उतरलेली पुन्हा करणे अवघड.

ज्यांना बाहेर नेणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी प्रदर्शनाची पुस्तिका, दोन छायाचित्रे आणि ‘तुम्हाला काय दिसते?’ हा प्रश्न घरी आणता येतो.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक शब्द. ही फेरी तुमच्यासाठीही आहे. त्या शनिवारी कितीतरी महिन्यांनी मी नानांशी औषधाखेरीज कशावर तरी तीन तास बोलले, आणि घरी आल्यावर थकवा नेहमीचा वाटला नाही. तुमची जागा दुसऱ्या कोणी घेऊ शकत असेल, तर कधी तुम्ही एकट्यानेही नाटकाला जा. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही.

नानांचे गुडघे आजही दुखतात, आणि दुपारची गोळी आजही मलाच आठवावी लागते. पण परवा त्यांनी आपणहून चष्मा मागितला. चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या गाडीची वेळ त्यांना पाहायची होती. समर्थांचे अक्षर कसे होते ते बघायचे आहे, म्हणाले. आणि जाताना त्या फाट्यावरची जुनी स्थानके मला दाखवायची आहेत.