टोपी कुणाला हवी?

‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.’ शिरूर-दौंडच्या घराघरांत एप्रिल-मेमध्ये हे वाक्य ऐकू येतं आणि ते हमखास मुलीलाच ऐकवलेलं असतं. तिचा भाऊ भर दुपारी उघड्या डोक्याने क्रिकेट कुटत असतो, त्याला कुणी आत बोलवत नाही. ऊन म्हणजे काय, तर मुलीचा रंग आणि पुढे तिचं लग्न, एवढंच आपण मुलांना शिकवलंय.

दुसरीकडे, दर उन्हाळ्यात त्वचेच्या कर्करोगाची भीती घालणारे संदेश मोबाइलवर फिरतात. मूळ धडा ऑस्ट्रेलियाचा. तिथे 1981 पासून शर्ट, सनस्क्रीन आणि टोपीची मोहीम चालली. ‘टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही’ हा नियम कित्येक शाळा आजही पाळतात. तिथल्या गोऱ्या कातडीला त्याची गरजच होती. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे उन्हाने होणारा हा कर्करोग आपल्याकडे विरळा. टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1945 मध्ये इथल्या कर्करोगाच्या ज्या खास तऱ्हा नोंदवल्या, त्यांत कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षं कातडी घासल्याने होणारा कर्करोग होता. दोष उन्हाचा नव्हता, गाठीचा होता.

मग टोपी नकोच का? हवी, पण कारण खरं सांगून. उष्माघात आहे, डोळ्यात वाढणारं मांस आहे, लवकर येणारा मोतीबिंदू आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते. 2025 मध्ये सरकारने प्राथमिक शाळांची वेळ 7 ते 11.15 ठरवली. आता दौंडच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. म्हणजे वाडीवस्तीवरची पोरं घरी चालत निघतात ती ऊन चढत असतानाच, दप्तर डोक्यावर धरून. एप्रिलमध्ये साधारण साडेनऊ ते साडेतीन आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते. तेवढा वेळ डोकं झाका, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. सावली तर त्याच्या पायाशीच असते.

झाकायचं कशाने? गांधी टोपीने कान आणि मान उघडी राहतात. आजोबांचं मुंडासं, आजीचा पदर, कांदा काढताना डोक्यावरून मानेपर्यंत सोडलेला टॉवेल, हे सगळं तिच्याहून सरस. सनस्क्रीनची जाहिरात मोठी असते आणि ट्यूब 50 ग्रॅमची. मोठ्या माणसाने अंगभर नीट लावायची म्हटली तर एका वेळेला तीसेक मिली लागते. कापड धुऊन पुन्हा वापरता येतं.

मात्र काही मुलांसाठी कर्करोगाची भीती अगदी खरी आहे आणि या सगळ्या गोंधळात तीच विसरली जातात. जन्मतःच केस, पापण्या, कातडी पांढरी असलेली ही मुलं. वर्गात त्यांना ‘इंग्रज’ नाहीतर ‘भुऱ्या’ म्हणतात. हे कोड नव्हे आणि संसर्ग तर नव्हेच. शरीर मेलॅनिन बनवत नाही किंवा फारच कमी बनवतं. आईवडील दोघांकडूनही तो दोष आला तरच मूल असं जन्मतं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रिवाजात ती शक्यता वाढते. उजेडात मूल डोळे मिटून घेतं, बुबुळं हलत राहतात, पहिल्या बाकावरूनही फळा दिसत नाही. गुरुजी म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. मग कवायतीला तेच मूल मैदानात उभं राहतं आणि संध्याकाळी कान, मानेची मागची बाजू, खालचा ओठ भाजल्यासारखा लाल होतो. टांझानियासारख्या देशांत अशा माणसांना विशी-तिशीतच त्वचेचा कर्करोग झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. त्याची सुरुवात शाळेच्या वयातल्या उन्हापासून होते.

युरोप-अमेरिकेत सतरा ते वीस हजारांत एक असं अशा माणसांचं प्रमाण धरतात. 2011 च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड मिळून साडेसात लाखांवर माणसं होती. तोच हिशेब लावला तर दोन्ही तालुक्यांत चाळीसेक जण निघतील, त्यांत शाळकरी मुलं मोजकीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला जातातच. त्यांनी या मुलांची यादी केली तर ती एका कागदावर मावेल.

या मुलांना मात्र कापडाबरोबर सनस्क्रीनही लागतं, रोज आणि भरपूर. गरिबाला ते झेपत नाही. केनियाचं सरकार ते मोफत देतं. आपल्याकडे वेगळी योजना काढायचीही गरज नाही. या मुलांची नजर बहुधा अधू असते, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियमच आहे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या गावांत कारखान्यांचा कर येतो. तिथल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्यावा: आपल्या गावात असं मूल आहे का, आणि असेल तर त्याची रुंद काठाची टोपी, गॉगल आणि वर्षाचं सनस्क्रीन या निधीतून कधीपासून सुरू करायचं.