टोकेलाऊचा कौल आणि स्वयंनिर्णयाचा अर्थ

ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण पॅसिफिक महासागरातील तीन चिमुकल्या बेटांवर ६९२ मते मोजण्यात आली. त्यांपैकी ४४६ मते स्वशासनाच्या बाजूने पडली आणि २४६ विरुद्ध. कोणत्याही सामान्य निवडणुकीत हा दणदणीत विजय मानला गेला असता. परंतु टोकेलाऊच्या प्रतिनिधिसभेने दोन तृतीयांश बहुमताची अट स्वतःच घालून घेतली होती आणि ती पुरी होण्यास ४६२ मते हवी होती. सोळा मते कमी पडली आणि टोकेलाऊ पूर्वीप्रमाणेच न्यूझीलंडच्या अधिपत्याखालील प्रदेश राहिला. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये झालेल्या सार्वमतातही ५८१ पैकी ३४९ मते, म्हणजे ६० टक्के, अनुकूल पडूनही निकाल हाच लागला होता.

वसाहतींच्या मुक्तीचा इतिहास ज्यांनी पाहिला वा वाचला आहे, त्यांना ही घटना बुचकळ्यात टाकणारी वाटेल. येथे राज्यकर्ता देश स्वतःहून सत्ता सोडण्यास तयार होता, संयुक्त राष्ट्रसंघ प्रोत्साहन देत होता, मतदान त्याच्या निरीक्षकांच्या देखत होत होते. तरीही प्रजेतील एका मोठ्या गटाने 'नको' म्हटले. ही गुलामगिरीची चटक समजावयाची, की दीड हजार लोकांच्या समाजाने मांडलेला शहाणपणाचा हिशेब? या प्रश्नाचे उत्तर टोकेलाऊच्या भूगोलात आणि अर्थकारणात दडलेले आहे.

तीन कंकणद्वीपे

अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन प्रवाळी कंकणद्वीपे म्हणजे टोकेलाऊ. सामोआच्या उत्तरेस सुमारे पाचशे किलोमीटरवर ती पसरली आहेत. तिन्हींची मिळून जमीन दहा-बारा चौरस किलोमीटरच भरते. तुलनेसाठी सांगावयाचे तर आपले लक्षद्वीप ३२ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४ हजारांवर लोक राहतात. टोकेलाऊची वस्ती आहे सुमारे दीड हजार. मधल्या उथळ खारकच्छाभोवती वाळूच्या आणि पोवळ्यांच्या अरुंद पट्ट्या, त्यांवर नारळीची आणि केवड्याच्या जातीची झाडे, थोडा नीरफणस, असे हे दृश्य. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून तीन ते पाच मीटरपलीकडे जात नाही. नदी नाही, ओढा नाही. पिण्याचे पाणी पावसाचे. विमानतळ आजवर झालेला नाही. सामोआतील आपिया बंदरातून बोट निघते आणि एक-दीड दिवसाने पोहोचते. बेटांना बंदरही नाही. बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबते आणि माणसे व माल लहान पडावांतून किनाऱ्यास लागतात.

जमीन इतकी थोडी असली तरी समुद्र मात्र विस्तीर्ण आहे. टोकेलाऊच्या वाट्यास आलेले अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे ३ लक्ष १९ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही मोठे आहे. या विसंगतीतच तेथील अर्थशास्त्राची किल्ली आहे.

न विचारता केलेल्या वाटण्या

बाहेरच्या जगाशी या लोकांचा संबंध सुखाचा नव्हता. १८६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापारी जहाजांनी येथील जवळजवळ निम्मी माणसे पळवून नेली. पळवून नेलेल्यांतील फारच थोडे परतले. १८८९ मध्ये ब्रिटनने बेटांवर आपले संरक्षण जाहीर केले, १९१६ मध्ये ती गिल्बर्ट व एलिस बेटांच्या वसाहतीस जोडली आणि १९२५-२६ मध्ये त्यांचा कारभार न्यूझीलंडच्या हाती सोपविला. १९४८ च्या टोकेलाऊ कायद्यान्वये, १ जानेवारी १९४९ पासून, ही बेटे न्यूझीलंडचा भाग ठरली आणि तेथील लोक न्यूझीलंडचे नागरिक झाले.

ओलोहेगा हे चौथे बेट, इंग्रजी नकाशांवरील स्वेन्स बेट, भाषा आणि वंश या दोन्ही दृष्टींनी टोकेलाऊचेच. एका अमेरिकन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात तेथे नारळाचा मळा थाटला. १९२५ मध्ये अमेरिकेने ते अमेरिकन सामोआस जोडून घेतले. १९८० च्या तहात अमेरिकेने इतर तीन बेटांवरील आपला दावा सोडला आणि त्या बदल्यात ओलोहेगावरील अमेरिकन सत्ता मान्य करण्यात आली. मूठभर लोकांच्या भूमीचे मोठ्या राष्ट्रांनी कागदावर केलेले हे व्यवहार टोकेलाऊच्या स्मृतीतून गेलेले नाहीत. कोणताही नवा दस्तऐवज समोर आला की हा समाज तो दोनदा वाचतो, याचे नवल वाटावयास नको.

गावाकडून वर जाणारी सत्ता

बाहेरून पाहता हा प्रदेश 'परतंत्र' असला तरी बेटांवरील दैनंदिन कारभार कोणी परका चालवीत नाही. प्रत्येक बेटावर एक गाव आणि प्रत्येक गावाची 'टाउपुलेगा' म्हणजे ज्येष्ठांची सभा. न्यूझीलंडच्या संसदेने १९९६ मध्ये तिन्ही बेटांच्या 'जनरल फोनो' या प्रतिनिधिसभेस नियम करण्याचा अधिकार दिला. २००४ मध्ये तर प्रशासकाचे अधिकार तिन्ही गावसभांकडे सोपविण्यात आले आणि समाईक प्रश्नांपुरते ते गावसभांनी फोनोकडे दिले. अर्थात येथे सत्तेचा प्रवाह गावाकडून मध्यवर्ती सभेकडे जातो. शासनप्रमुखास 'उलू' म्हणतात. हे पद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाते. कायमची राजधानी अशी नाहीच.

जमीन कुळांच्या मालकीची आहे आणि ती परक्यास विकता येत नाही. गावातील धडधाकट पुरुषांचा गट सामुदायिक कामे करतो. समाईक मासेमारीत सापडलेले मासे 'इनाती' या प्रथेनुसार गावातील सर्व कुटुंबांत वाटले जातात. ज्या घरात मासेमारीस जाणारे कोणी नाही, त्या घरासही वाटा मिळतो. बाजार, मजुरी आणि नफा या संकल्पनांवर पोसलेल्या अर्थशास्त्रज्ञास ही प्रथा भाबडी वाटेल. परंतु जेथे जमीन तोकडी, वादळे वारंवार आणि शेजारी शेकडो मैल दूर, तेथे वाटून खाणे हाच विम्याचा सर्वांत स्वस्त प्रकार ठरतो.

छोटेपणाचा खर्च

अर्थशास्त्रात अविभाज्य खर्चाची एक संकल्पना आहे. शाळा शंभर मुलांची असो वा हजारांची, इमारत आणि मुख्याध्यापक लागतातच. बोट दहा उतारूंसाठी असो वा शंभरांसाठी, तिला इंजिन व खलाशी हवेतच. मोठ्या देशात हा खर्च लाखो करदात्यांवर विभागला जातो. टोकेलाऊत तो दीड हजारांवर येऊन पडतो आणि तोही तीनदा, कारण बेटे तीन, शाळा तीन, रुग्णालये तीन. वर या साऱ्यांना जोडणारी बोट चालवावयाची. कितीही काटकसर केली तरी हे गणित स्थानिक उत्पन्नातून सुटणारे नाही. नारळाच्या खोबऱ्यावर पूर्वी थोडे पैसे मिळत. तो व्यापार केव्हाच आटला.

१९८५ मध्ये न्यूझीलंडमधील बर्ट्रम आणि वॉटर्स या दोघा अभ्यासकांनी पॅसिफिकमधील अशा छोट्या देशांच्या अर्थव्यवस्थेस 'मिराब' असे नाव दिले. स्थलांतर, परगावच्या आप्तांनी पाठविलेला पैसा, परकीय साहाय्य आणि सरकारी नोकऱ्या या चार खांबांवर ती उभी असते, असा त्याचा अर्थ. त्यांचे म्हणणे असे की, ही अवस्था म्हणजे विकासाच्या वाटेवरील तात्पुरता मुक्काम नव्हे. ती दीर्घकाळ टिकू शकणारी व्यवस्थाच आहे. टोकेलाऊस हे वर्णन तंतोतंत लागू पडते. १९६६ च्या वादळानंतर न्यूझीलंड सरकारने पुनर्वसनाची योजना आखून कित्येक कुटुंबे आपल्या भूमीत नेली. ती योजना १९७६ पर्यंत चालली. साठच्या दशकात सुमारे एकोणीसशे असलेली लोकसंख्या त्यानंतर घटली. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये स्वतःस टोकेलाऊचे म्हणविणारे साडेआठ हजारांहून अधिक लोक होते. घरापेक्षा परदेशीच पाचपट माणसे, असा हा समाज आहे. आणि सार्वमतात मताचा अधिकार मात्र बेटांवर राहणाऱ्यांनाच होता!

म्हणून 'टोकेलाऊ परावलंबी आहे' एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. कर्त्या माणसांना बाहेर नेण्याचे धोरण राज्यकर्त्या देशानेच राबविले. त्या माणसांच्या श्रमाचा लाभ ऑकलंड-वेलिंग्टनच्या कारखान्यांना मिळाला. तेव्हा आज बेटांना मिळणारे साहाय्य ही निव्वळ खैरात नव्हे. त्यात जुन्या हिशेबाची फेडही आहे.

शिवाय चित्र सर्वस्वी निराशेचेही नाही. २०१० नंतरच्या दशकात शेजारी देशांशी सहकार्य करून ट्यूना मासेमारीचे परवाने विकण्याची नवी पद्धत स्वीकारल्यापासून टोकेलाऊचे स्वतःचे उत्पन्न लक्षणीय वाढले. २०१२ मध्ये डिझेल सोडून जवळजवळ सर्व वीज सौरशक्तीवर निर्माण करण्याचा मान या बेटांनी मिळविला. भविष्यासाठी एक आंतरराष्ट्रीय विश्वस्त निधीही उभारण्यात आला आहे. समुद्राचे भाडे हे येथील नवे खोबरे होय. परंतु ट्यूना मासा सीमा मानीत नाही आणि समुद्र तापला की तो आपला मार्ग बदलतो. एकाच पिकावर विसंबण्याचा धोका येथेही आहेच.

'नको' म्हणण्याचा हक्क

१९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वसाहतींच्या मुक्तीचा ऐतिहासिक ठराव केला. त्याच्या पाठोपाठच्या ठरावात मुक्तीचे तीन मार्ग मान्य करण्यात आले : पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या राज्याशी मुक्त सहयोग, किंवा समानतेच्या पायावर विलीनीकरण. या कामासाठी नेमलेल्या विशेष समितीत भारत प्रारंभापासून आहे. टोकेलाऊपुढे ठेवलेला पर्याय दुसरा, म्हणजे मुक्त सहयोगाचा होता. कुक बेटांनी १९६५ मध्ये आणि नियुएने १९७४ मध्ये तोच स्वीकारला. प्रस्तावित करारात न्यूझीलंडचे नागरिकत्व व साहाय्य चालू राहणार होते. मग विरोध का झाला?

एक तर, कागदावर 'चालू राहील' असे लिहिलेले उद्या बदलणार नाही याची खात्री काय, ही शंका होती. दुसरे म्हणजे नियुएचे उदाहरण डोळ्यांसमोर होते : १९६६ मध्ये पाच हजारांवर असलेली तेथील वस्ती स्वशासनानंतरही ओसरतच गेली. तिसरे, परदेशी गेलेल्या आप्तांपैकी अनेकांना हा बदल नको होता. या शंका निराधार होत्या, असे म्हणणे आज अवघड झाले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुक बेटांनी न्यूझीलंडशी पुरेसा विचारविनिमय न करता चीनशी करार केला, अशी वेलिंग्टनची तक्रार झाली आणि त्या वर्षी न्यूझीलंडने काही कोटी डॉलरचे साहाय्य रोखून धरले. दोषाची वाटणी कशीही करा. मुक्त सहयोगातील 'मुक्त' या शब्दास पैशाची दोरी बांधलेली आहे, हे त्यातून उघड झाले.

येथे एक आक्षेप घेतला जातो. ज्याचे अंदाजपत्रक दुसऱ्याच्या हाती, त्याच्या मताला स्वतंत्र निर्णय कसे म्हणावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचा रोख मतदारांकडे नसून राज्यकर्त्या देशाकडे असला पाहिजे. मतपेटीत 'होय' टाकणाऱ्याच्या आणि 'नको' टाकणाऱ्याच्या ताटातील घास समान सुरक्षित असेल, तरच निवड मुक्त म्हणता येईल. ती हमी मंत्रिमंडळाच्या मर्जीवर किंवा वार्षिक अनुदानावर नव्हे, तर न्यूझीलंडच्या कायद्यात बद्ध असावयास हवी.

आणि आता या सर्वांवर समुद्राची सावली पडली आहे. २००५ मध्ये 'पर्सी' वादळाने बेटे झोडपली. २०११ मध्ये पाऊस न झाल्याने पिण्याच्या पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली आणि पाणी जहाजाने आणावे लागले. पाच मीटर उंचीच्या भूमीस समुद्रपातळीची वाढ हा राज्यघटनेइतकाच मूलभूत प्रश्न आहे. जमीनच राहिली नाही, तर कोणत्या ध्वजाखाली राहावयाचे हा वाद पोकळ ठरेल. अशा वेळी न्यूझीलंडचे पारपत्र हे टोकेलाऊच्या माणसास परक्या सत्तेचे चिन्ह वाटत नाही. ते त्याला बुडत्या घराचे मागचे दार वाटते. ते दार बंद होण्याची पुसटशी शक्यता दिसली, तरी तो हात आखडता घेईल. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोरड्या भूमीवर निर्धास्त बसलेल्यांना नाही.

टोकेलाऊ पुन्हा सार्वमत घेईल की नाही, आणि दोन तृतीयांशांची अट ठेवील की नाही, हे तेथील गावसभांनी ठरवावयाचे आहे. इतक्या लहान समाजात साध्या बहुमताने घेतलेला निर्णय घराघरांत फूट पाडील, या विचाराने त्यांनी ती अट घातली असेल तर ती लोकशाहीस कमीपणा आणणारी नाही. वेलिंग्टनचे कर्तव्य मात्र निकालाची वाट पाहत थांबणारे नाही : नागरिकत्वाची निःसंदिग्ध हमी, बोट-दवाखाने-शाळा यांच्या खर्चाची कायदेशीर तरतूद आणि किनाऱ्यांच्या संरक्षणाची दीर्घ मुदतीची योजना ही आधी व्हावयास हवी. संयुक्त राष्ट्रसंघानेही आपल्या यादीतून एक नाव कमी झाले की काम संपले, असे मानू नये. स्वयंनिर्णयाचा हक्क हा 'होय' म्हणण्याचा आदेश नव्हे. तो खरा हक्क असेल, तर त्यात 'आज नको' असे म्हणण्याची आणि तरीही सन्मानाने जगण्याची सोय असलीच पाहिजे.