विश्लेषण : फोर्कलिफ्टच्या पाटीवर ‘२ टन’, मग उचलायचे १,८०० किलोच का?

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुककडे निघालं, की रस्त्यालगत गोदामांच्या शेड दिसू लागतात. आत पॅलेटवर रचलेला माल आणि तो हलवणारी यंत्रं. ‘माल उचलायचा म्हणजे फोर्कलिफ्टच’ हा समज मात्र खर्चिक आहे, शिवाय धोक्याचाही.

कोणतं यंत्र कशासाठी?

माल जमिनीवरूनच सरकवायचा असेल तर हँड पॅलेट ट्रक पुरतो. काटे पॅलेटखाली घालायचे, दांडा पंपासारखा खालीवर करायचा आणि ओढत न्यायचं. इंजिन नाही, बॅटरी नाही, तरी साधारण अडीच टन माल हलतो. फरशी मात्र सपाट हवी. मुरमाच्या आवारात त्याची छोटी चाकं रुततात. रॅकच्या वरच्या कप्प्यांसाठी स्टॅकर, तर आठ-दहा मीटर उंची आणि अरुंद गल्ली असेल तर रीच ट्रक.

काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टचं खरं काम उघड्या आवारात, ट्रक भरण्या-उतरवण्याचं. तिला वळायला साडेतीन-चार मीटरची गल्ली लागते. लहान गोदामात जुनी डिझेल फोर्कलिफ्ट स्वस्तात आणली, तर रॅकची एखादी रांग जाते आणि बंद शेडमध्ये धूर कोंडतो, तो वेगळाच.

पाटीवरच्या आकड्याचा अर्थ काय?

इथेच बहुतेकांची फसगत होते. पाटीवर ‘२,००० किलो, ५०० मिलिमीटर’ असं लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा कोणी वाचत नाही. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या टाचेपासून ५०० मिलिमीटरवर असेल, तरच २ टन. आपल्याकडे सर्रास दिसणारं १,२०० मिलिमीटर लांबीचं पॅलेट लांबीच्या बाजूने उचललं, तर हा मध्य ६०० वर जातो.

पुढचं गणित शाळेतल्या तरफेचं. पुढची चाकं म्हणजे टेकू. टाचेपासून चाकांचा आस ४०० मिलिमीटर मागे आहे असं धरू. २,००० गुणिले ९०० भागिले १,००० म्हणजे १,८०० किलो. काटे उंच गेले की क्षमता आणखी घटते. नेमका आकडा यंत्राच्या लोड चार्टवरच पाहायचा.

मागची चाकं उचलली गेली तर?

‘मागे दोघांना उभं कर’ हा सर्रास ऐकू येणारा उपाय सर्वांत वाईट. फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं. ती हलकी झाली की गाडी वळवता येत नाही, आणि मागे उभे असलेले दोघे आधी फेकले जातात. अशा वेळी जास्तीचा माल उचलायला नकार देणारा ऑपरेटर आळशी ठरतो. खरं तर गोदामात तेवढ्यानेच पाटी नीट वाचलेली असते.

गाडी कलंडलीच, तर उडी मारू नये. बाहेर पडणारा माणूस बहुधा वरच्या छताच्या चौकटीखाली सापडतो. पट्टा लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि कलंडण्याच्या उलट बाजूला झुकायचं.